मेलेल्या वायरी

मागच्या आठवड्यात बायकोनं विचारलं, वर्षभर त्या एकाच बिल्डिंगमध्ये जाऊन तुम्ही नेमकं काय करून राहिले? पटकन काही सुचलं नाही तर खरं ते सांगून टाकलं, वायरी काढून राहिलो. ती म्हणे, वायरी टाकायचे पैसे मिळतात नं तुम्हाला, काढायचे कोण देते? पॉइंट बरोबर आहे. काढायचे कोणीच देत नाही, म्हणून तर त्या चाळीस वर्षं तिथेच पडून होत्या.

तर हे त्या बिल्डिंगबद्दल. नाव नाही सांगत, उगाच कोणाचा फोन यायचा. बर्डी ते सदर या पट्ट्यात कुठेतरी आहे असं समजा. नागपूरचे असाल तर शंभरदा समोरून गेले असाल, खाली झेरॉक्सवाला, चष्म्याचं दुकान, वर पावसाचे काळे ओघळ आणि जवळपास प्रत्येक खिडकीला लटकलेला कूलर. तळमजला धरून दहा मजले, सत्तरच्या दशकाच्या शेवटाची. मुंबईवाल्यांना हसू येईल की दहा मजल्याला हायराइज म्हणता का, पण नॅशनल बिल्डिंग कोडच्या हिशेबानं १५ मीटर गाठले की हायराइज, आणि आमची तीस मीटरच्या वर जाते.

वरचे पाच मजले एका कंपनीकडे होते, ती शहराबाहेर मिहानकडे निघून गेली, मग काही वर्षं ते मजले कबुतरांकडे होते. मग इतवारी बाजारातल्या दोन भावांनी घेतले, पिढीजात धंदा आहे, पैसा आहे आणि मुख्य म्हणजे हिशेब पक्का. हिशेब काय तर मेट्रो. ११ डिसेंबर २०२२ ला उरलेले दोन तुकडे पण सुरू झाले आणि सीताबर्डी इंटरचेंज खरोखर चारही बाजूंचा झाला, कामठी रोडचं पोरगं असो, हिंगण्याचं असो की पारडीकडचं, बर्डीत उतरून चालत ऑफिसला येऊ शकते. ऑफिसवाल्यांना माणसं पाहिजेत आणि माणसांना रोज मिहानपर्यंत जायचं नाही, एवढं साधं गणित. पाडून नवीन का नाही बांधली असं सगळेच विचारतात. खालच्या मजल्यांवर वीसेक वेगवेगळे मालक आहेत, एक दाताचा डॉक्टर, दोन सीए, एक कोचिंग क्लास, एक टायपिंग इन्स्टिट्यूट (हो, अजून चालते), सगळ्यांच्या सह्या घेता घेता या दोघा भावांची नातवंडं लग्नाला आली असती. वरून आजचे पार्किंगचे आणि मार्जिनचे, म्हणजे चारही बाजूंनी जागा सोडायचे, नियम त्या प्लॉटवर बसवायचे म्हणजे वेगळीच कसरत. त्यामुळे ठरलं की सांगाडा तोच ठेवायचा, आत सगळं नवीन.

मी इलेक्ट्रिकलवाला. लोड, मीटर, वायरिंग, फायर अलार्म, असलं सगळं. आर्किटेक्ट मॅडम वेगळ्या, स्ट्रक्चरवाले सर वेगळे.

पहिल्या दिवशी सातव्या मजल्यावर फॉल्स सीलिंग उतरवायला घेतलं. पीओपीचं होतं, पडलं. त्याच्या वर अजून एक निघालं, थर्माकोलच्या चौकोनी टाइलवालं. ते काढलं तर वर प्लायचं. तीन भाडेकरू, तीन सीलिंग, कोणीच जुनं काढायची तसदी घेतली नाही, प्रत्येकानं चार-सहा इंच खाली येऊन आपलं नवीन ठोकलं. आणि या तिन्हीच्या मध्ये वायरी. एवढ्या वायरी की माझा वायरमन शिडीवर उभा राहून बघतच राहिला आणि मग म्हणे, "साहेब, हे त घरटं आहे जी."

खरंच घरटं होतं. मी खाली एका सतरंजीवर एकेक प्रकार वेगळा करायला लावला, गंमत म्हणून, पण मग गंमत राहिली नाही. सगळ्यात तळाशी लाकडी पट्टीवर पिना ठोकून नेलेली मूळची वायर, तिचं रबर हातात घेतलं की भुगा होऊन राहिला होता. मग अॅल्युमिनियमची. मग इंटरकॉमच्या बारक्या जोड्या, टेलिफोनच्या जाड काळ्या केबली, कोणाच्या तरी फॅक्सची लाइन. मग जुन्या कॉम्प्युटर नेटवर्कची गोल काळी केबल, टोकाला पितळी टोपणवाली, नव्या पोरांनी तर ती टीव्हीचीच समजली. मग निळ्या नेटवर्क केबली, मग पांढऱ्या, मग सीसीटीव्हीच्या, मग फायबर. टेस्टर लावून पाहिलं तर शंभरातल्या पाच-सात चालू, बाकी सगळ्या मेलेल्या. पण मेलेल्या समजलो त्यांतल्या दोघींत करंट होता, आणि हीच खरी भानगड असते. कुठल्या डीबीवरून, म्हणजे वीज वाटणाऱ्या बोर्डावरून, येते, कोणाच्या मीटरवर फिरते, पत्ता नाही. शोधता शोधता तिसऱ्या मजल्यावर पोचलो, तर तिथल्या एका बंद ऑफिसच्या मीटरवरून कोणे एके काळी वरच्या कोणीतरी पॉइंट मागून घेतला होता, दोन दिवसांसाठी असेल, त्याला वीस वर्षं झाली असतील.

या सगळ्या वायरी डक्टमधून खाली जात होत्या. डक्ट म्हणजे प्रत्येक स्लॅबला दीड-दोन फुटाचं भोक, नवव्यापासून तळापर्यंत सरळ मोकळं. आजच्या पद्धतीत प्रत्येक मजल्यावर हे भोक आग न जाऊ देणाऱ्या मटेरियलनं सील करावं लागते. इथे सील वगैरे काही नव्हतं, होती ती प्लास्टिकच्या आवरणाच्या वायरींची मनगटाएवढी जाड जुडी, दिव्यातल्या वातीसारखी उभी. खाली मीटर रूममध्ये एक ठिणगी पडली असती तर धूर वर जायला पायऱ्या पण लागल्या नसत्या. आणि बिल्डिंगमधले लोक मला सांगत होते की साहेब, इतकी वर्षं काही झालं नाही.

शेवटचा जुडगा वरून कापून डक्टमधून खाली सोडला तेव्हा पोरांनी वरून ओरडा केला, "घेऊन जा गे मारबत!" पोळा होऊन दोनच दिवस झाले होते, मारबतीबरोबर इडापिडा घालवायची आरोळी ती. पूर्ण दोन टेम्पो माल निघाला. कबाडी घासाघीस करत होता, अॅल्युमिनियमला भाव नाही म्हणे, आणि मी मनात म्हटलं, ने बाबा, फुकट ने.

आता मीटर रूम. ती बेसमेंटला. जिना उतरला की डावीकडे, अंधारी, ओलसर, भिंतीवर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज रांगेनं, त्यांत कोणी जाड तार गुंडाळलेली. २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपुरात कोणी विसरलं नसेल, चारेक तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर, मोरभवनच्या बसेस पाण्यात. आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये त्या रात्री कमरेएवढं पाणी होतं, भिंतीवर रेघ अजून दिसते. मीटर रेघेच्या एक वीत वर. एक वीत! मी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं की बाकी काही करा नका करू, मीटर रूम आणि पॅनल वर आणायचं. त्यासाठी तळमजल्यावर जागा पाहिजे होती, आणि तळमजल्यावरची जागा म्हणजे दुकान, आणि दुकान म्हणजे पैसा. दोन महिने यावरच गेले. शेवटी मागच्या बाजूला वॉचमनची खोली आणि सायकल स्टँड मिळून जागा झाली. ट्रान्सफॉर्मर नवीन, पॅनल नवीन, वर वीज नेणाऱ्या जाड पट्ट्या (बसबार) नवीन. जुन्या काळी एका खोलीत एक पंखा, ४० वॉटच्या दोन ट्यूबलाइट आणि टेबलावर टाइपरायटर, त्याला वीज लागतच नव्हती. दिवे तर आता उलट कमी खातात. पण एसी येतो आणि सगळं गणित उलटंपालटं करतो.

एसीवरून स्ट्रक्चरवाल्या सरांची गोष्ट सांगायलाच पाहिजे. तीस वर्षांच्या वरच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागते, यांचं कधीचंच व्हायला पाहिजे होतं. सर आले, हातोडीसारखं यंत्र कॉलमवर दाबून आकडे घेतले, मग दोन बाजूंनी डबी लावून काँक्रिटमधून आवाजाची लाट पाठवली. लाट सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर धावली की काँक्रिट चांगलं, तीनच्या खाली आली की शंका. आमचे आतले कॉलम साडेतीनच्या वर. मग त्यांनी एका कॉलमला छोटं भोक पाडलं, झाडून घेतलं आणि बाटलीतून पाण्यासारखं काहीतरी फवारलं. दोन सेकंदांत भोकाच्या आतला भाग गुलाबी झाला, होळीच्या रंगासारखा भडक. बाहेरच्या बाजूचा बोटभर थर मात्र तसाच राखाडी राहिला. सर म्हणाले, गुलाबी आहे तिथपर्यंत काँक्रिटचा अल्कलीपणा टिकून आहे, तिथे लोखंड सुरक्षित. राखाडी थर सळईपर्यंत पोचला की गंज सुरू. आत बरं होतं. मग आम्ही बाहेर छज्ज्यांवर गेलो.

छज्जे सडलेले होते. सगळे नाही, गंमत तीच आहे. मला वाटलं गच्चीखालचा मजला सगळ्यात वाईट असेल, पाऊस वगैरे. तर नाही. वाईट कुठे, जिथे जिथे कूलरचा स्टँड लावला होता बरोबर त्याच्या खाली. आपल्याकडे मार्चच्या शेवटी कूलर लागला की जूनपर्यंत त्याची टाकी गळत राहते, बोअरचं खारं पाणी, दिवसभर ओलं, रात्री कोरडं, पुन्हा ओलं. असं चाळीस उन्हाळे. वरून स्टँड ठोकायला प्रत्येकानं छज्ज्यात खिळे-बोल्ट मारलेले, पाण्याला आत जायला दारच. गंज चढला की लोखंड फुगते आणि काँक्रिटला आतून फोडते. हातानं ओढलं तर चपलेएवढा तुकडा निघून आला आणि आत सळई नाहीच, नुसती लाल माती. म्हणजे बिल्डिंग म्हातारी झाली कशानं, तर आपण थंड बसावं म्हणून. कूलरला शिव्या नाही देत बरं का, मी त्याच्याच समोर बसून हे टाइप करून राहिलो, कोरड्या मे महिन्यात त्याच्यासारखं काही नाही, फक्त जुलै लागला की तो ओल्या टॉवेलसारखा होतो.

खराब भाग तोडून, सळया घासून, जिथे गेल्या तिथे नवीन जोडून, मायक्रो काँक्रिट भरून छज्जे दुरुस्त केले. आणि इथेच आमचं मोठं भांडण झालं. धाकट्या भावाला छज्जे नकोच होते. त्याला काच पाहिजे होती. पूर्ण समोरून काच, निळी, पुण्याला बाणेरमध्ये असते तशी. मोबाईलमध्ये फोटो तयार. पश्चिमेकडची सिमेंटची उभी पट्टी-पट्टीची जाळी पण काढा म्हणे, जुनाट दिसते.

आर्किटेक्ट मॅडम शांत बाई आहेत पण त्या दिवशी चिडल्या. त्यांनी त्याला एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता आठव्या मजल्यावर नेलं. पश्चिमेच्या एका खिडकीपुढची जाळी दुरुस्तीसाठी काढलेली होती, शेजारच्या खिडकीला होती. दोन्हीकडे पाच-पाच मिनिटं उभं केलं. काही बोलल्या नाहीत. नंतर खाली टपरीवर चहा घेताना समजावून सांगितलं की ज्यानं कोणी ही बिल्डिंग काढली त्याला नागपूरचं ऊन माहीत होतं. मे महिन्यात दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर असतो, २६ मेच्या आसपास तर सावलीच पडत नाही, त्या उन्हाला आडवा छज्जा पुरतो. पण चार वाजता ऊन तिरपं आत घुसते, त्याला छज्जा काही करू शकत नाही, त्याला उभ्या पट्ट्याच पाहिजेत, म्हणून त्या फक्त पश्चिमेलाच आहेत. ज्या गावात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला त्या गावात पश्चिमेला काच लावायची आणि मग ती गरम होते म्हणून एसी वाढवायचा, आणि एसी वाढला म्हणून ट्रान्सफॉर्मर वाढवायचा, हे सगळं बिल शेवटी कोण भरणार?

मी पण माझं घोडं दामटलं. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं वाचलं होतं, १९३१ ची बिल्डिंग, तिचं काम काढलं तेव्हा ६,५१४ खिडक्या होत्या, त्या फेकल्या नाहीत, बिल्डिंगमध्येच पाचव्या मजल्यावर कारखाना टाकला, काचा काढल्या, मध्ये फिल्म बसवली, परत लावल्या. धाकटा भाऊ ऐकून म्हणे, "म्हणजे अमेरिकेवालेही कंजूसच." पण मोठ्या भावाला ते पटलं. इतवारीचा माणूस, जुनी वस्तू वापरात येते म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो. जाळी राहिली. तिला पांढरा रंग दिला, खिडक्या नवीन डबल काचेच्या, छज्ज्याच्या आत. आता तोच धाकटा सगळ्यांना सांगतो की ही डिझाइन आमची.

आत एसीचा वेगळा वांधा होता. मजल्याची उंची फरशी ते फरशी साडेदहा फूट, त्यात बीम खाली उतरलेले. सेंट्रल एसीचे पत्र्याचे डक्ट बीमच्या खालून नेले असते तर उंच माणसाचं डोकं लागलं असतं. म्हणून डक्टच नाही, तांब्याचे पाइप, प्रत्येक खोलीत वेगळं युनिट आणि बाहेरची युनिटं गच्चीवर. फॉल्स सीलिंग नाहीच केलं, वर सगळं उघडं, नुसता रंग मारला. याला आजकाल इंडस्ट्रियल लुक म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. खरं कारण बीम आहे.

आणि वजन. मला वाटायचं नवीन ऑफिस म्हणजे जास्त लोड. स्ट्रक्चरवाले सर हसले. जुन्या ऑफिसात रेकॉर्ड रूम असायची, जमिनीपासून छतापर्यंत फायली, लोखंडी रॅक, कागदाइतकं जड काही नसते. माणसं, खुर्च्या आणि लॅपटॉप त्याच्यापुढे काहीच नाही. फक्त यूपीएसच्या बॅटऱ्या एका जागी ठेवू नका म्हणाले, त्या आम्ही खालीच नेल्या.

लिफ्टबद्दल थोडक्यात, कारण तिथे आम्ही हरलो. जाळीच्या सरकत्या दरवाजाच्या दोन लिफ्ट होत्या, आत स्टूलवर लिफ्टमन मामा. मशीन नवीन आलं, ऑटोमॅटिक दरवाजे आले, लाइट गेली की जवळच्या मजल्यावर आणून सोडायची सोय आली. पण खड्डा तेवढाच, भिंती तेवढ्याच, म्हणून आत माणसं सहाच, ४०८ किलो. सकाळी साडेनऊला रांग लागते आणि लागत राहणार. मामा आता खाली रिसेप्शनच्या बाजूला बसतात आणि रांगेतल्यांना सांगतात, "पाचव्यावरच जायचं नं? चढा की राजा, उमर काय तुमची."

जिना. मुख्य जिना एकच, लिफ्टला गुंडाळून वर जाणारा, पूर्ण उघडा. दुसरा म्हणून मागे लोखंडी गोल जिना होता, त्यावर कोचिंग क्लासचे मोडके बेंच, कोणाची तरी पाण्याची टाकी आणि तुळस. तसा गोल जिना कोडमध्ये ९ मीटर उंचीपर्यंतच, तो पण कमी वर्दळीला चालतो. म्हणजे कागदावर पण नाही आणि खरोखर पण नाही. नवीन सरळ लोखंडी जिना मागून उभा करायचा, मधल्या जिन्याला प्रत्येक मजल्यावर फायर डोअर लावायचं, हे खालच्या सगळ्या मालकांच्या परवानगीशिवाय होत नव्हतं, आणि खर्चात वाटा मागितला की मीटिंगला कोणी येत नव्हतं. बिल्डिंगच्या असोसिएशनचे सेक्रेटरी काकाजी सत्तरीच्या पुढचे, त्यांनी मला विचारलं, "आग लागली तर आम्ही काय करतो माहीत आहे का? गच्चीवर जातो." गच्चीच्या दाराला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे, तर काकाजींकडे, घरी, धरमपेठेत.

त्यात डिसेंबर आला. विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की नागपुरात कुठल्याही ऑफिसात जा, साहेब अधिवेशनात. टेकडी रोडला मोर्चे अडवलेले, आमचा लोखंडाचा ट्रक दोन दिवस मानकापूरलाच उभा. शेवटी मोठ्या भावानं जिन्याचा पूर्ण खर्च आपल्या अंगावर घेतला, वैतागून. काकाजींनी लगेच ठराव पास केला आणि सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले. असोसिएशनच्या खर्चानं.

मार्चमध्ये चावी दिली. पाचव्यापासून नवव्यापर्यंत वायरीला ट्रे, पॉवरचा वेगळा, डेटाचा वेगळा, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबर, डक्टमध्ये मजल्या-मजल्याला लाल सील. मी स्वतः दहाही मजल्यांच्या सीलचे फोटो काढून ठेवले, मुलांचे काढतात तसे.

परवा एका छोट्या कामासाठी सहाव्यावर गेलो. कॉरिडॉरमध्ये एक पोरगा शिडीवर, हातात ड्रिल, खांद्यावर पांढऱ्या केबलचा गुंडाळा. नवीन भाडेकरूला दुसरं इंटरनेट पाहिजे होतं. डक्टचं दार उघडं, लाल सीलला आरपार भोक, आणि केबल तिथून निघून भिंतीवर क्लिपा मारत मारत फायर डोअरच्या वरून पलीकडे. मी म्हटलं, भाऊ, वर ट्रे आहे नं, त्यातून ने की. त्यानं वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तिकडनं लांब पडते जी."